मॅकेन्झींचा आराखडा आणि ऑगस्टाचे मैदान

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल हे जगप्रसिद्ध गोल्फचे मैदान डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी रचले, असे आजही अभिमानाने सांगितले जाते. मात्र त्या मैदानावर उगवलेली हिरवळ पाहणे खुद्द मॅकेन्झींच्या नशिबी नव्हते. ६ जानेवारी १९३४ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. पुढे ‘मास्टर्स’ म्हणून गाजलेली स्पर्धा त्यानंतर अडीच महिन्यांनी प्रथमच खेळली गेली. महामंदीच्या त्या काळात ठरलेले मानधनही त्यांच्या हाती पुरते पडले नाही.

मॅकेन्झी पेशाने शल्यचिकित्सक. बोअर युद्धात शेतकरी-सैनिक उघड्या माळावर आपले खंदक कसे बेमालूम दडवतात, हे त्यांनी पाहिले होते. माणसाने केलेली रचना निसर्गाचीच वाटावी, हा त्यांचा आग्रह तिथून आला. १९२४ साली त्यांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाचा तपशीलवार नकाशा सिद्ध केला. ऑगस्टात बॉबी जोन्स यांच्या साथीने, एका जुन्या रोपवाटिकेच्या उतारांवर, त्यांनी त्याच मैदानाचा विचार रुजवला: प्रशस्त फेअरवे, उंच गवताचा अडसर नाही आणि १८ होल मिळून वाळूचे बंकर अवघे २२ च्या आसपास. सामान्य खेळाडूला चेंडू हरवण्याची धास्ती नसावी; निष्णाताने मात्र ग्रीनच्या चढउतारांशी झुंजावे.

फेरफार लगेचच सुरू झाले. पहिल्या स्पर्धेनंतर पहिल्या व शेवटच्या नऊ होलांची अदलाबदल झाली. सखल भागात सकाळी रेंगाळणारे गोठलेले दव, हे त्याचे कारण सांगितले जाते. गंमत अशी, की मॅकेन्झींच्या अगदी आरंभीच्या आराखड्यात हाच क्रम होता! १९३७ मध्ये पेरी मॅक्सवेल यांनी दहाव्या होलचे ग्रीन सखल जागेतून उंचावर नेले. १९४७ मध्ये रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांच्या हातून सोळाव्या होलपाशी तळे आले आणि तो होल जवळजवळ नवाच झाला.

या सर्वच बदलांना विटंबना म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९७१ पर्यंत सहनिर्माते बॉबी जोन्स हयात होते आणि मैदान बदलत राहणे त्यांना अमान्य नव्हते. खरा घाव नंतरचा. १९९७ मध्ये टायगर वुड्स यांनी १२ फटक्यांच्या फरकाने स्पर्धा जिंकली. १९९९ मध्ये फेअरवेच्या कडेला वाढीव गवत आले, पाठोपाठ नवी झाडे आली आणि २००२ मध्ये मैदान एका दमात २८५ यार्डांनी लांबले. आज ते ७,५०० यार्डांहून अधिक आहे, बंकरही जवळपास दुप्पट आहेत. लांबी वाढली, हे एकवेळ समजण्याजोगे; पण रुंदी आक्रसली, आणि मॅकेन्झींचा मूळ विचार रुंदीवरच उभा होता.

दहाव्या होलवर त्यांचा एक विस्तीर्ण बंकर अजून शिल्लक आहे. जुन्या ग्रीनच्या राखणीसाठी तो खणला होता. ग्रीन पुढे सरकले, बंकर मागेच राहिला. स्पर्धेत आता त्यात क्वचितच एखादा चेंडू पडतो. तरी क्लबने तो बुजवलेला नाही.