अफूची मात्रा आणि कारखान्यातील भुकटी

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांची नावे इतिहासाच्या तासाला निघाली की रायगड येतो, उमरठचे तानाजी मालुसरे येतात, २० मार्च १९२७ चे चवदार तळे येते. आज मी याच भागाविषयी बोलणार आहे. पण विषय निराळा आहे, आणि थोडा कडूही आहे. जुलै २०२५ मध्ये रायगड जिल्ह्याच्या पोलिसांनी महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर छापा घातला. तेथे केटामाइन नावाचे द्रव्य सापडले. काही भुकटीच्या रूपात, काही पातळ. पोलिसांनी त्याची किंमत सांगितली ती सुमारे ८९ कोटी रुपये. त्याच्या दीड वर्ष आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, याच जिल्ह्यात खोपोलीजवळ एम्.डी. नावाच्या भुकटीचा कारखाना उघडकीस आला होता. त्या मालाची किंमतही शंभर कोटींच्या पुढे सांगितली गेली.

बातमी वाचताना आपले लक्ष त्या कोटींवर जाते. एवढा पैसा! असे आपण म्हणतो आणि पान उलटतो. मला मात्र त्या मोठ्या आकड्यापेक्षा एका फार लहान मापाविषयी बोलायचे आहे. ते माप म्हणजे चिमूट. चिमटीत मावणाऱ्या भुकटीत नेमके किती विष आहे, हे घेणाऱ्या पोराला ठाऊक नसते. आणि खरे सांगायचे तर विकणाऱ्यालाही नसते. तरुण मुले दगावतात ती या अज्ञानात.

आपल्या भाषेत यासाठी एक चांगला शब्द आहे: मात्रा. घरातली आजी बाळघुटी उगाळायला बसली की हळकुंडाचे किती वेढे, मुरुडशेंगेचे किती, हे ती मोजून देते. मूल किती महिन्यांचे आहे, बाहेर पाऊस आहे की ऊन, हे पाहून वेढे कमी-जास्त करते. औषध आणि विष यांत अंतर मात्रेचे, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. पिढ्यान् पिढ्या हातात बसलेले ज्ञान आहे ते.

अफूचेही तसेच होते. वर्गात एकदा एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आपले पूर्वज अफू खातच होते की, मग आत्ताच एवढा गहजब कशाला?" प्रश्न बिनतोड वाटतो. पण इतिहास नीट पाहिला तर उत्तर त्यातच आहे. अफू सगळ्यांना माहीत असलेली वस्तू होती. तिचा रंग, तिचा वास, तिची कडू चव माणसाला ओळखता येई. गोळी केवढी घ्यायची याचा अंदाज खाणाऱ्याला असे. आणि एवढे असूनही ती मारत होतीच, बरं का! मोगल बादशहांना हे पुरते ठाऊक होते. राजघराण्यातील कैद्यांना ग्वाल्हेरच्या किल्ल्यात रोज सकाळी पोस्त, म्हणजे खसखशीच्या बोंडांचे पाणी, पाजले जाई, असे फ्रेंच प्रवासी बर्नियर याने लिहून ठेवले आहे. माणूस हळूहळू वाळत जाई, बुद्धी जाई, शेवटी प्राण जाई. दारा शुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह १६६२ साली त्याच किल्ल्यात संपला, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. मात्रेचे ज्ञान मारण्यासाठीही वापरता येते, ते असे.

आपल्या कोकणाशी अधिक जवळचे उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचे आहे. तेव्हाचा कुलाबा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतून माणसे मुंबईला गेली, त्यांत बायकाही होत्या. तान्हे मूल चाळीतल्या खोलीत ठेवून गिरणीत जायचे, तर ते दिवसभर निजले पाहिजे. म्हणून त्याला अफूची बारीक गोळी देत. तिचे नाव बाळागोळी. १९२० च्या सुमारास सरकारी डॉक्टरीणबाईंनी पाहणी केली, तेव्हा गिरणीत जाणाऱ्या बहुतेक बायकांच्या मुलांना ही गोळी मिळत असल्याचे दिसून आले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. मला ते जमत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली सरकारने ठरवले की दहा वर्षांत अफू खाणे बंद करायचे, आणि १९५९ पर्यंत दुकानातली अफू खरोखरच बंद झाली.

आता थोडे दूर, जर्मनीत जाऊ. कारण मात्रेचे जुने ज्ञान जेथे निकामी झाले, ती जागा तेथे आहे. झेर्ट्युर्नर नावाचा एक औषधविक्या होता. अफूत गुंगी आणणारे जे मूळ द्रव्य, ते त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी वेगळे काढले. त्यालाच पुढे मॉर्फिन म्हणू लागले. हे द्रव्य माणसावर काय करते, हे पाहण्यासाठी त्याने स्वतः ते घेतले आणि तीन मुलांनाही दिले. त्यांतला एकही १७ वर्षांहून मोठा नव्हता. आधी अर्धा ग्रेन दिला. चेहरे लाल झाले, अंगात ऊब आली. अर्ध्या तासाने आणखी अर्धा ग्रेन. डोके जड झाले, मळमळू लागले. तेथे थांबावे की नाही? पण पाव तासाने त्याने तिसरा अर्धा ग्रेन दिला. मग मात्र सगळे कोलमडले. पोटात कळा, ग्लानी, शुद्ध हरपण्याची वेळ. घाबरून त्याने स्वतः कडक व्हिनेगर पिऊन उलटी केली आणि मुलांनाही तेच पाजले. चौघेही वाचले. हा सगळा वृत्तांत १८१७ साली छापून आला.

श्रोतेहो, शुद्ध करून काढलेल्या द्रव्याची मात्रा चुकून तरुण मुले मरणाच्या दारात गेली, त्याची ही फार जुनी नोंद होय. आणि ती नीट ऐका, कारण दोनशे वर्षांनंतर पुण्या-मुंबईच्या एखाद्या खोलीत जे घडते ते याच क्रमाने घडते. पहिली घेतली, बरे वाटले. थोड्या वेळाने दुसरी. दुसरीचा परिणाम पुरता दिसायच्या आत तिसरी. झेर्ट्युर्नर निदान तोलून देत होता, समोर बसून पाहत होता, आणि त्याला द्रव्य कोणते हे ठाऊक होते.

यानंतर रसायनशास्त्राची घोडदौड सुरू झाली. मॉर्फिनवर क्रिया करून लंडनच्या राइट या रसायनशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये नवे द्रव्य बनवले. जर्मनीच्या बायर कंपनीने १८९८ पासून ते खोकल्याचे औषध म्हणून विकले. त्याचे नाव हेरॉइन. दमेकऱ्याला उपयोगी पडणारे इफेड्रिन सोमलतेच्या जातीच्या झुडपातून निघते. त्यापासून जपानच्या नागाई या पंडिताने १८९३ मध्ये मेथअँफेटामाइन तयार केले. दुसऱ्या महायुद्धात ते जपानी सैनिकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना झोप उडवण्यासाठी मिळे. युद्ध संपले, साठा उरला, आणि तो बाजारात आला. बेकार, बेघर तरुणांनी तो उचलला. १९५१ साली जपानला कडक कायदा करावा लागला, आणि १९५४ या एकाच वर्षी त्याखाली ५५ हजारांवर लोक पकडले गेले. पुढे काही वर्षांत ती लाट ओसरली.

आपल्याकडे लाट आली ती १९८० नंतर, गर्दच्या रूपाने. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ब्राउन शुगर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बेकारी आणि गर्द ही दोन्ही गिरणगावाने एकाच दशकात पाहिली. ज्या चाळींत आपल्या गावचे चाकरमानी राहत, त्याच त्या चाळी. १९८५ मध्ये देशाने अंमली पदार्थांचा कायदा केला. १९८६ च्या २९ ऑगस्टला पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही गोष्ट मराठी घराघरांत पोहोचली ती बरीचशी या दांपत्यामुळे.

आता एम्.डी.कडे येऊ. मेफेड्रोन हे त्याचे पूर्ण नाव. १९२९ साली एका रासायनिक निबंधात त्याची कृती आली आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षे कोणी त्याकडे पाहिलेही नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते कोणीतरी पुन्हा उकरून काढले. डिसेंबर २००८ मध्ये स्वीडनमध्ये १८ वर्षांची एक मुलगी ते घेऊन दगावली. इंग्लंडने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्या कायद्याच्या यादीत ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. आता पन्नास ग्रॅमहून अधिक सापडले तर किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. तरीही नाशिकजवळच्या शिंदे गावात, दौंड तालुक्यातील कुरकुंभला, खोपोलीला त्याचे कारखाने निघाले. कारण ते पिकवायला शेत लागत नाही. जेथे औषधांची आणि रंगांची रसायने येतात-जातात, भट्ट्या आहेत, वास आला तर कोणी चौकशी करत नाही, तेथे ते बनू शकते. औद्योगिक वसाहतीत इमानाने राबणारे हजारो लोक आहेत. महाडच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. त्यांच्या आडोशाने हे चालते, हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

आणि केटामाइन? त्याची गोष्ट तर चटका लावणारी आहे. अमेरिकेतील कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी १९६२ मध्ये ते तयार केले. भूल देण्याचे ते उत्तम औषध आहे. योग्य मात्रेत दिले तर श्वास चालू राहतो, रक्तदाब ढासळत नाही. म्हणून मोठी यंत्रसामग्री नसलेल्या लहान दवाखान्यातही ते कामी येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. घाटात गाडी उलटली आणि एखाद्याचे हाड बसवायचे असेल, तर डॉक्टर जी कुपी उघडतील तिच्यात कदाचित हेच असेल. डॉक्टर वजन पाहून मिलिग्रॅममध्ये मोजतात. पार्टीतले पोरगे नखाने मोजते.

शरीरात होते काय, तेही सांगतो. गर्द, मॉर्फिन, वेदनाशामक गोळ्या यांची मात्रा चुकली की मेंदूतले श्वासाचे केंद्र मंदावते. माणूस घोरतो असे वाटते. खरे म्हणजे तो गुदमरत असतो. ओठ निळे पडतात. एम्.डी.चे उलट. काळीज धडधडते, अंग भट्टीसारखे तापते, झटके येतात. तिची धुंदी दोन-तीन तासांत उतरते, म्हणून लगेच दुसरी घ्यावीशी वाटते. तोवर पहिली रक्तातून गेलेली नसते. केटामाइनवर दारू पडली तर बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाते. शिवाय पुडीवर जे नाव सांगितले तेच आत असेल, याची हमी कोण देणार? अमेरिकेत २०२१ ते २०२३ या काळात एकेका वर्षात लाखाहून अधिक माणसे अशी दगावली. त्यांतली बहुतेक फेंटानिलसारख्या द्रव्यांनी. मॉर्फिनहून ते सुमारे शंभरपट जहाल.

एक गोष्ट शिक्षकांनी आणि पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. सर्वांत धोक्याचा काळ व्यसन चालू असतानाचा नसतो. मुलगा केंद्रातून सुटून येतो, किंवा काही महिने गावी राहून सुधारतो, अंगाची सवय मोडते, आणि मग मुंबईला परतल्यावर एक दिवस तो जुन्याच मापाने घेतो. जे माप त्याला पूर्वी पचत होते तेच आता जीव घेते. गर्दच्या बाबतीत तर हे नेहमीच पाहायला मिळते. चाकरमान्यांच्या मुलखात, जेथे मूल सुधारायला गावी पाठवण्याची रीत आहे, तेथे हे कोणी सांगत नाही.

दुसरे असे, की मित्र पळून जातात. पोलिसांच्या भीतीने बेशुद्ध पोराला खोलीत, नाहीतर रस्त्याच्या कडेला टाकतात. झोप आली आहे, उतरेल, असे म्हणतात. या भीतीत थोडे तथ्य आहे, नाही असे नाही. पण त्याच कायद्याच्या ६४-अ या कलमात, थोडक्या मालासह सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतले तर त्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूद आहे. ती आपल्या गावांत किती जणांना माहीत आहे?

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतून खाली ग्रामीण रुग्णालयात यायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, ते तुम्ही जाणता. म्हणून गाडीची वाट पाहताना जे करायचे तेच महत्त्वाचे. आधी १०८ ला फोन करावा. बेशुद्ध मुलाला पाठीवर निजवू नये, कुशीवर करावे, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर येईल. कांदा हुंगवू नये, दूध किंवा ताक तोंडात ओतू नये, झेर्ट्युर्नरसारखी उलटी करवायला जाऊ नये; शुद्ध नसलेल्या माणसाला उलटी घातक ठरते. अंग तापले असेल तर कपडे सैल करून ओल्या फडक्याने पुसावे. श्वास थांबला तर छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे, हे कसे करायचे ते प्रत्येक शाळेत एका तरी शिक्षकाने शिकून घेतलेले असावे. गर्दच्या जातीच्या विषावर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे आणि तो काही मिनिटांत श्वास परत आणतो. पण तो द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवणार, आणि त्यांना ते ठरवता यावे म्हणून मुलाने काय घेतले हे कळले पाहिजे. तेव्हा लाजेपायी पुडी चुलीत टाकू नका. गोळ्यांचे पाकीट असेल, बाटली असेल, कागदाचा कपटा असेल, तो रुमालात बांधून सोबत न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या.