दाखल्याचा इतिहास आणि प्रौढांच्या अवधान-न्यूनतेची तपासणी : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

तिशी ओलांडलेली एखादी व्यक्ती जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर काढते आणि मनोविकार विभागात जाऊन सांगते की, आपले लक्ष कोणत्याही कामात टिकत नाही, हाती घेतलेले काम तडीस जात नाही, वस्तू आणि वेळा ध्यानात राहत नाहीत आणि हे सारे लहानपणापासून असेच आहे. तिला भास होत नाहीत, झोप येते, भूक लागते. अशा व्यक्तीची तपासणी कोणी, कशाच्या आधारे व कशासाठी करावयाची? हा प्रश्न वरकरणी वैद्यकशास्त्राचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र त्याचे उत्तर बऱ्याच अंशी इतिहासाने आधीच ठरवून ठेवलेले आहे. शासकीय व्यवस्थेने प्रौढ माणसाच्या मनाची तपासणी प्रामुख्याने दाखला देण्यासाठी केली. ज्याच्यासाठी दाखल्याचा नमुनाच तयार झाला नाही, तो तपासणीबाहेर राहिला. या प्रक्रियेचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. जुन्या काळाविषयी लिहिताना जिल्ह्याचे त्या वेळचे नाव वापरले आहे.

स्थानबद्धतेचा दाखला

१८५८ च्या वेड्यांच्या इस्पितळांविषयीच्या कायद्याने आणि त्यानंतरच्या १९१२ च्या भारतीय लुनसी कायद्याने मनोरुग्णाच्या तपासणीला कायदेशीर चौकट दिली. १९१२ च्या कायद्यानुसार नातेवाइकाने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा, त्यासोबत दोन वैद्यकीय दाखले जोडावयाचे व त्यांपैकी एक राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्याचा असावयाचा, अशी रीत होती. डॉक्टरसमोरचा प्रश्न एकच होता : या माणसाला इस्पितळात ठेवणे आवश्यक आहे काय? उत्तर होकारार्थी असेल तर नगरच्या माणसाची वाट पुण्याजवळच्या येरवड्याकडे जाई. ‘याला येरवड्याला पाठवा’ हा आपल्या बोलीतील वाक्प्रचार त्याच व्यवस्थेचा अवशेष होय. उत्तर नकारार्थी असेल तर तपासणी तेथेच संपे. घरी राहून, शेती किंवा नोकरी करीत त्रास सोसणाऱ्या माणसाला विचारावयाचा प्रश्न या कायद्याजवळ नव्हता.

याच काळात जिल्ह्यात एक निराळी निवड चालू होती. मेहेरबाबांनी १९३६ साली राहुरी येथे वेड्यांसाठी आश्रम काढला. पुढे तो मेहेराबादला हलविण्यात आला. तेथे ‘वेडा’ कोण आणि ईश्वरप्रेमात बुडालेला ‘मस्त’ कोण, असा भेद केला जाई. मेहेरबाबांच्या सहवासात राहिलेले इंग्रज डॉक्टर विल्यम डॉन्किन यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात या भेदाची विस्तृत मांडणी केली आहे. या भेदाचे आध्यात्मिक मोल येथे तपासावयाचे नाही. दंडाधिकाऱ्याच्या अर्जाबाहेरही माणसांची वर्गवारी करण्याची गरज भासत होती, एवढेच नोंदवावयाचे आहे.

विकाराचे वय

अवधानाच्या दोषाची वैद्यकीय नोंद स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांच्या १७९८ च्या ग्रंथात सापडते. १९०२ साली जॉर्ज स्टिल यांनी लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले आणि तेव्हापासून हा विषय बालरोगांच्या दालनात जाऊन बसला. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९६८ च्या वर्गीकरणात तर ‘बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया’ असेच नाव आहे. १९८० च्या आवृत्तीत प्रौढपणी उरणारा ‘अवशिष्ट’ प्रकार मान्य झाला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने सतरा वर्षांवरील व्यक्तीसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली आणि लक्षणे सुरू होण्याची वयोमर्यादा सातवरून बारावर नेली. म्हणजे प्रौढांचे निदान करण्याचे स्पष्ट निकष तुलनेने अलीकडचे आहेत.

आपल्याकडे मात्र नाव नसले तरी निवाडा होता. धांदरट, वेंधळा, विसराळू, उडाणटप्पू, ‘एका जागी बूड टेकत नाही’ ही सारी घरगुती निदानेच. फरक इतकाच की त्यांतून उपचार निघत नाही, दोष तेवढा निघतो. (स्त्रियांच्या वाट्याला ‘हिच्या हाताला वळण नाही’ हे विशेष निदान येते.)

योजनांमधील फट

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. बेळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या अनुभवावर आधारलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आला. येरवड्यापर्यंतचा प्रवास टाळून जिल्ह्यातच उपचार मिळावेत, हा त्याचा उद्देश निःसंशय स्तुत्य होता. परंतु त्याचा भर तीव्र मनोविकार, नैराश्य आणि अपस्मार यांवर राहिला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही प्रौढांमधील अवधान-न्यूनता मोजली गेली नाही. शिवाय त्यासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. जे मोजलेच नाही त्यासाठी पदे आणि निधी मागणे कोणत्याही जिल्ह्याला अवघड असते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तीस विकारांच्या यादीत हा विकार नावानिशी आहे. पण ती यादी अठराव्या वर्षी संपते. त्याच्या पुढे दिव्यांगत्वाचा दाखला येतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत; स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, अवधान-न्यूनता नाही. त्या कायद्यातील आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील मनोविकाराची व्याख्या विचार, मनःस्थिती, संवेदन, दिशाभान व स्मृती यांचा उल्लेख करते. ‘अवधान’ हा शब्द तेथे येत नाही. व्याख्येच्या शेवटी जीवनातील सामान्य गरजा भागविण्याच्या क्षमतेचा उल्लेख आहे आणि निदान आंतरराष्ट्रीय मानकांनुसार करावे असे २०१७ चा कायदा सांगतो. त्यामुळे डॉक्टरला वाट बंद नाही. ती दाखवणारी पाटी मात्र कोठे लावलेली नाही.

२०१७ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. किमान मानसिक आरोग्य सेवा जिल्ह्यात शासनाकडून मिळत नसेल, तर त्याच जिल्ह्यातील अन्य सेवेचा खर्च शासनाने सोसावा, अशी तरतूद कलम १८ मध्ये आहे. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरच्या, राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरी भागातील माणसाला तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. परंतु ती खाजगी विश्वस्त संस्थांची आहेत. निदानाचा कागद नसेल तर पुढचे दारही उघडत नाही. या विकारावरील मेथिलफेनिडेट हे औषध १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या अनुसूचीत आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ते मिळू शकत नाही, आणि तसे मिळूही नये.

पुराव्याचा प्रश्न

खरी अडचण याहूनही खोल आहे. प्रौढाचे निदान करताना लक्षणे बालपणापासून होती, याची खातरजमा करावी लागते. पाश्चात्त्य पद्धतीत त्यासाठी शाळेचे अहवाल आणि आईवडिलांची मुलाखत यांवर भिस्त असते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलाचे शालेय वर्ष दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर जाई. असे मूल अभ्यासात मागे पडले ते लक्ष टिकत नसल्यामुळे की शाळाच टिकली नसल्यामुळे, हे वीस वर्षांनंतर कोणी सांगावे? येथे स्थलांतर आणि विकार यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात आणि घाईचा परीक्षक दोन्ही दिशांनी चुकू शकतो.

याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये उभारलेल्या प्रकल्पाने गावातल्याच, बहुतांशी अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून घडविले. मूल जन्मल्यापासून घर ओळखणारी अशी साक्षीदार तपासणीच्या टेबलापर्यंत पोचली, तर केसपेपरवरील ‘पूर्वेतिहास’ हा रकाना भरण्यासारखा होईल. प्रस्तुत लेखकास हा उपाय नव्या चाचण्यांच्या खरेदीपेक्षा अधिक व्यवहार्य वाटतो.

तूर्त प्रौढ व्यक्ती आपल्या बालपणाचा लेखी पुरावा म्हणून जे घेऊन येऊ शकते, ते म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक असे दोन रकाने असतात. आपण शिक्षक मंडळी जाणतोच की, मूल कसेही असो, त्या दोन्हींपुढे बहुधा एकच शब्द लिहिलेला असतो : ‘चांगली’.