पनवेलचं चाक आणि विमानतळाचं कमळ

‘इन्स्पिरेशन’ हा शब्द आमच्या हापिसात फार स्वस्त झालाय. नवीन स्क्रीन करायची ठरली की डिझायनर मंडळी आधी एक बोर्ड लावतात. त्यावर व्हेस्पा, पहिला आयपॉड, ब्राउनचा रेडिओ, झालंच तर एखादी जपानी खुर्ची. मग त्या रेडिओच्या बटणाची गोलाई आमच्या ‘सबमिट’ला येते आणि प्रेरणा घेऊन झाली असं सगळे मानतात. रेडिओ तसा का केला होता, हा प्रश्न बोर्डावर चिकटवता येत नाही, त्यामुळे तो राहूनच जातो.

आमच्या पनवेलच्या उशाशी आता याचंच फार मोठं उदाहरण उभं राहिलंय. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडायला लागली. टर्मिनलचं डिझाइन झाहा हदिद आर्किटेक्ट्स या लंडनच्या कंपनीचं, प्रेरणा कमळाची. खांब वर जाताना पाकळ्यांसारखे उलगडतात. सुंदर दिसतात, नाही म्हणत नाही. पण कमळ हे आपल्याकडचं ठेवणीतलं फूल आहे. दिल्लीच्या बहाई मंदिराने १९८६ साली तेच घेतलं होतं. या जागेसाठी दहा गावं उठली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, डोंगर कापला. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून २०२१ साली भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, ते १९८४ च्या आंदोलनाची आणि त्यात गेलेल्या पाच जणांची आठवण ठेवूनच. आकारावरून कोणी भांडल्याचं मात्र मी तरी ऐकलं नाही. आकार म्हणजे शोभेची बाब, असं आपण सगळ्यांनीच धरून ठेवलंय बहुतेक.

आता मुद्द्यावर येतो. पनवेलची स्वतःची एक वस्तू होती, आणि ती म्हणजे बैलगाडीचं चाक! इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा उद्योग म्हणून नोंद आहे ती गाडीची चाकं बनवण्याची. बंदर होतं, मिठागरं होती, तांदळाचा व्यापार होता, पण कारागिरी म्हणाल तर चाकं.

चाकंच का? नकाशा बघा. १० नोव्हेंबर १८३० ला गव्हर्नर माल्कमने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. त्याआधी घाटातून माल यायचा तो मुख्यतः बैलांच्या पाठीवर, तांड्यांनी. एका बैलाच्या पाठीवर दोन-अडीच मण. तोच बैल गाडीला जुंपला की त्याच्या कितीतरी पट ओढतो. म्हणजे रस्ता झाल्यावर अडचण उरली ती गाडीची. देशावरच्या जुन्या गाड्या अवजड, चाकं भरीव, ओढायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या. त्याच दशकात गेसफर्ड नावाच्या एका लेफ्टनंटने सोलापूरकडे टेंभुर्णीला कारखाना काढून हलकी, स्वस्त गाडी बनवून दाखवली. घाट उतरून आलेला माल पनवेलला होडीत चढायचा, आणि झिजलेली, खिळखिळी झालेली चाकंही तिथेच थांबायची. गिऱ्हाईक दारात, कोकणातल्या जंगलाचं तिवसासारखं चिवट लाकूड हाताशी आणि सुतार-लोहार गावात. आजच्या भाषेत, सगळा ‘युजर बेस’ रोज दुरुस्तीसाठी दारात उभा.

आणि ते चाक म्हणजे काय डोकं आहे, महाराजा! मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना वक्र पुठ्ठे, आणि बाहेरून लोखंडाची धाव. यात खरी करामत धावेची. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा जराशी कमी घेराची करतात. मग गोवऱ्या रचून ती लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचं. चार फुटी चाकाचा घेर साधारण ३.८ मीटर. लोखंड पाचशे अंशांनी तापलं तर तेवढ्या घेरात सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास वाढ होते (हा हिशोब मी विकांताला बसून केला, पनवेलच्या लोहाराला त्याची गरज नव्हती). गार होताना धाव आवळते आणि सगळे सांधे एकमेकांत दाबून बसवते. म्हणजे झीज सोसणारं लोखंडच बांधणीचंही काम करतं. एक आरा मोडला तर तेवढाच बदलता येतो. उन्हाळ्यात लाकूड आटून धाव सैल झाली तर चाक ओढ्याच्या पाण्यात उभं करायचं, लाकूड फुगतं, धाव घट्ट. आम्ही ज्याला ‘पॅच’ म्हणतो तो इथे पाण्यात मिळायचा, तोही फुकट.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं आणि त्याला स्वतःचं स्टेशन मिळायला शंभर वर्षं गेली. पण गंमत पहा, चाकांची नोंद करणारं गॅझेटियर १८८२ चं, म्हणजे रेल्वेनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. माझा तर्क असा की रेल्वेने लांबची वाहतूक नेली, पण स्टेशनापर्यंत माल आणायला गाडी लागतच होती.

या वस्तूकडे नीट पाहिलं की प्रेरणा कशी घ्यायची ते कळतं. १९८१ मध्ये इस्रोचा ‘ॲपल’ उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. परदेशी लोक तो गरिबीचा म्हणून दाखवतात. खरं कारण म्हणजे अँटेनाच्या चाचणीसाठी आजूबाजूला धातू नको होता आणि बैलगाडी बहुतांशी लाकडाची. तिथल्या इंजिनिअरांनी गाडीचा गुण घेतला. विमानतळाने कमळाचा आकार घेतला. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो मला आमच्या बोर्डावर रोज दिसतो. पाकळीचा खांब छत पेलतो हे खरं, पण या खाडीकाठच्या, पावसाच्या, हलवलेल्या नदीच्या जागेबद्दल तो मला काही सांगत नाही. गाडीचं चाक मात्र घाट, लाकूड, ऊन सगळं सांगून टाकतं.

नंतर गाड्यांना ट्रकची जुनी टायरं लागली. लाकडी चाकं आता हायवेच्या ढाब्यांवर आणि रिसॉर्टच्या फाटकाशी दिसतात, वॉर्निश मारून. म्हणजे त्यांचंही कमळ झालंच म्हणा! पुढच्या वेळी पुण्याला जाताना वडापावसाठी थांबलात तर जवळ जाऊन दोन पुठ्ठ्यांमधला सांधा बघा. बोट जाईल एवढी फट असेल तर त्याला बऱ्याच उन्हाळ्यांत कोणी पाणी दाखवलेलं नाही.