सायलेन्सरमधली जाळी आणि शिशाची गोष्ट

गेल्या शनिवारी गाडी गॅरेजात नेली. पिकअप गेलेला, घाटात धाप लागायची, आणि 'चेक इंजिन'चा दिवा महिनाभर पेटलेला. मेकॅनिकने सायलेन्सरची लाइन खोलून आतली जाळी दाखवली. वितळून तिचा गोळा झाला होता. "साहेब, नवीन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लई महाग पडेल. आतलं काढून रिकामा डबा लावतो. कुणाला कळणार पण नाही."

किंमत ऐकून मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण 'उद्या सांगतो' म्हणून घरी आलो आणि हा डबा आला कुठून ते वाचत बसलो.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते १९२१ मध्ये. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला शोध लागला की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घातलं की इंजिनचं नॉकिंग थांबतं. १९२३ मध्ये हे शिसेयुक्त पेट्रोल विकायला आलं. शिसं विषारी असतं हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार दगावले. त्यावर मिजलीने पत्रकारांसमोर ते हातावर चोळून, हुंगून दाखवलं! याआधी त्याला स्वतःलाच शिशाची बाधा झाली होती. असो. धंदा चालूच राहिला.

पुढे १९५० च्या सुमारास कॅलटेकच्या हागेन-स्मिटने दाखवून दिलं की लॉस एंजेलिसचं डोळे चुरचुरवणारं धुकं गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतं. त्याच काळात यूजीन हूद्री हा फ्रेंच इंजिनियर धूर साफ करणारा डबा बनवत होता. १९५६ मध्ये त्याला पेटंटही मिळालं. पण उपयोग काय? पेट्रोलमधलं शिसं आतल्या उत्प्रेरकावर थर धरायचं आणि डबा निकामी व्हायचा.

१९७० च्या अमेरिकन कायद्याने धूर ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं, आणि १९७५ च्या मॉडेल्समध्ये कन्व्हर्टर आला. त्याच्यासाठी पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणं भाग पडलं. गंमत बघा, पाच माणसं मेली तरी जे हटलं नाही, ते एका डब्याची जाळी खराब होते म्हणून हटायला लागलं. पुढे अमेरिकेतल्या मुलांच्या रक्तातलं शिसंही झपाट्याने उतरलं.

आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. मी तेव्हा बालवाडीतही नव्हतो. म्हणजे बाबांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून मी थोडं शिसं ओढलंच असणार. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये संपलं.

आता माझी जाळी का वितळली? तर गाडी कित्येक महिने मिसिंग करत होती आणि मी दुर्लक्ष केलं. एका सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत होतं. म्हणजे खरा दोष इग्निशन कॉइलचा. ती न बदलता नवा डबा लावला असता तर तोही गेला असता. आणि हो, रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवत असाल तर सायलेन्सर तापत नाही, आत पाणी साचतं आणि तो आतून गंजतो. अधूनमधून लांब चक्कर मारा.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी बारकी पोरं सायकली फिरवतात. त्यांचं नाक माझ्या टेलपाइपपासून फार वर नसतं. रिकामा डबा कुणाला कळला नसता हे खरं, पण धूर त्यांच्याच छातीत गेला असता.

सोमवारी फोन करून सांगितलं, कॉइल बदला आणि कन्व्हर्टर नवीनच टाका. या वर्षीची लेह ट्रिप गेली. चालायचंच!