बुरुड राजाचा कोट

कोकणचा इतिहास सांगायला बसले की पहिले नाव परशुरामाचे निघते. त्याने समुद्र मागे हटविला, भूमी मोकळी केली आणि तेथे ब्राह्मणांना वसविले, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्राने जामदग्न्यासाठी जो प्रदेश मोकळा केला, त्याचे नाव शूर्पारक असे आहे. हे शूर्पारक म्हणजेच सोपारा. आज पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे गेले की हे जुने गाव लागते. वरवर ही एक पुराणकथा आहे. प्रत्यक्षात तो जमिनीच्या मालकीचा दाखला आहे. ही भूमी कोणी निर्माण केली आणि कोणाला दिली, एवढेच तो सांगतो. या भूमीवर घाम कोणी गाळला, गलबतांत माल कोणी भरला, टोपल्या आणि सुपे कोणी विणली, याची नोंद त्यात नाही.

या मातीतून निघालेले दगड मात्र वेगळे काही सांगतात. तेच दगड समोर ठेवून सोपाऱ्याचा विचार केला पाहिजे.

सोपारा हे दोन हजार वर्षांपूर्वीचे नामांकित बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात भडोचच्या दक्षिणेकडील बंदरांत त्याचे नाव येते. कल्याण आणि चौल यांचीही नावे तेथेच आहेत. टॉलेमीलाही सोपारा माहीत होते. येथे उतरलेला माल घाटावर चढे, नाणेघाटातून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाई. त्या वाटेवर नाणेघाटात पाण्याचे एक टाके आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने ते दान दिल्याचा लेख तेथे कोरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यातील एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत पाहिले तर कल्याणचा सोनार सामिदत्त भेटतो, कल्याणचा लोहार नंद भेटतो. सोनार, लोहार, व्यापारी, भिक्षू, भिक्षुणी यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कोणी टाके, कोणी वाट, कोणी खांब दिला आणि आपले नाव आपल्या धंद्यासह कोरून ठेवले. कष्टकऱ्याने आपले नाव दगडावर कोरावे, ही गोष्ट आपल्या इतिहासात पुढे किती दुर्मीळ झाली, ते वाचकांना सांगायला नको.

पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या. व्यापार ठाणे, चौल या बंदरांकडे सरकला. पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई घेतली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. त्यामुळे या परिसराचा इतिहास म्हटला की सहलीला येणारी माणसे वसईचा किल्ला पाहतात आणि परत जातात. किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर किल्ल्याहून कितीतरी जुना बौद्ध स्तूप आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

हा स्तूप १८८२ साली उजेडात आला. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्या वर्षी सोपाऱ्यातील एक मोठा उंचवटा खणला. मध्यभागी विटांच्या बांधणीत दगडी करंडक मिळाला. त्यात तांब्याचा करंडा, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडे होते. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते श्रद्धेने जपलेले असावेत, असे पंडितजींनी मानले. सोन्याची फुले होती. यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे होते. तांब्याच्या करंड्याभोवती आठ लहान धातुमूर्ती बसविलेल्या होत्या. त्या सात मानुषी बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. या मूर्ती नाण्यापेक्षा बऱ्याच नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकातल्या आहेत. म्हणजे तेव्हा कोणीतरी हा स्तूप उघडला, त्यात मूर्ती ठेवल्या आणि तो पुन्हा बंद केला. सोपाऱ्यात बौद्ध धम्म इतका काळ जिवंत होता. हे अवशेष पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले.

खणण्यापूर्वी या उंचवट्याला गावकरी काय म्हणत होते? ते त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत होते. आपल्या दृष्टीने सोपाऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा अवशेष कदाचित हे नावच आहे.

नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोकांनी पांडवलेणी केले. बुद्ध विसरला गेला, तेव्हा रिकाम्या झालेल्या वास्तूंत महाकाव्याचे क्षत्रिय नायक आणून बसविण्यात आले. सोपाऱ्यात तसे घडले नाही. तेथे लोकस्मृतीने बांबूच्या टोपल्या विणणाऱ्याला राजा केले. यावरून अशोक बुरुड होता किंवा सोपाऱ्यावर बुरुडांचे राज्य होते, असे म्हणता येणार नाही. आपली बाजू खरी असताना ती कच्च्या पुराव्यावर उभी करण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यांचा बौद्ध धर्माशी संबंध मांडला. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी इतिहासाचे तुटलेले दुवे अनुमानाने जोडण्याचे समर्थन केले, परंतु अनुमानाला त्यांनी अनुमानच म्हटले. ती शिस्त आपणही पाळावी.

तरीही प्रश्न शिल्लक राहतोच. बुरुडच का?

पाली वाङ्मयात हीन मानलेल्या कुळांची यादी वारंवार येते. चांडाल, निषाद, रथकार, पुक्कुस यांच्याबरोबर तीत वेन येतो. वेन म्हणजे वेळूकाम करणारा. बुद्धाच्या काळीही त्याच्याकडे तुच्छतेने पाहणारा समाज होता. भिक्षुसंघात मात्र त्याच्यासाठी दार उघडे होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात बांबूचा व्यवहार पांडुसोपाकाच्या वाट्याला दिला आहे. तो चांडालापासून झालेला मानला असून त्याची गणना गावाबाहेरच्या संकरजातींत केली आहे. ग्रंथ हे सांगत असताना, साधारण त्याच काळात जुन्नरच्या लेण्यांत एक लेख कोरला जात होता. धर्मकार्यासाठी दिलेली रक्कम वंसकारांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवली, अशी त्यात नोंद आहे. वंसकार म्हणजे बांबूकाम करणारे, आपले बुरुड.

ठेव कोणाकडे ठेवतात? ज्याची पत असते, जो आज आहे आणि उद्याही राहणार असा विश्वास असतो, त्याच्याकडे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले होते. त्यांतील २००० शेकडा एक आणि १००० शेकडा पाऊण मासिक व्याजाने. जुन्नरचे बुरुड असेच ठेवी सांभाळणारे होते. एवढ्यावरून त्यांना सामाजिक समता मिळाली होती असे ठरत नाही. पण त्यांची स्वतःची संघटना होती, हिशेब होता, पत होती, हे नाकारता येणार नाही. ती पत पुढे गेली आणि ग्रंथातला हीनपणा तेवढा उरला. आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बुरुड आहेत. ज्यांच्याकडे धर्मादायाची ठेव ठेवली जात होती, ते वेशीबाहेर कसे गेले? जातिव्यवस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याने या प्रश्नाला तोंड दिलेच पाहिजे. शूर्पारक या नावातले शूर्प म्हणजे सूप. नावाची खरी व्युत्पत्ती काही का असेना, सूप विणणारे हात या नगरीच्या इतिहासाबाहेर ठेवता येणार नाहीत.

सोपाऱ्याचा दुसरा नायक पूर्ण. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात त्याची कथा आहे. शूर्पारकातल्या श्रीमंत गृहपतीला तो दासीपासून झाला. गृहपती आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी त्याला टाकले आणि या दासीने त्याची शुश्रूषा केली. पूर्ण मोठा झाला, कर्तबगार निघाला. पण वाटणीची वेळ आली तेव्हा दासीपुत्राला वाटा कसला, असे म्हणून भावांनी संपत्तीबरोबर पूर्णालाच वाटणीत घातला. माणूस मालमत्तेत मोजला गेला. पुढे हाच पूर्ण सार्थवाह झाला, समुद्रावर गेला. श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्याने गलबतावर बुद्धवचन ऐकले आणि तो भिक्षू झाला. आपल्या प्रांतात धम्म नेण्याची परवानगी त्याने मागितली. तिथले लोक रागीट आहेत, शिव्या देतील, मारतील, ठारही करतील, असे बुद्धाने त्याला बजावले. प्रत्येक वेळी पूर्णाने शांतपणे उत्तर दिले, आणि तो गेला. परशुरामाने दान दिलेल्या भूमीची कथा आणि दासीपुत्राने धम्म आणलेल्या भूमीची कथा, या दोन्ही कथा याच नगरीच्या आहेत. पाठ्यपुस्तकात कोणती पोचली, ते आपण जाणतोच.

बंदराचे गोडवेही गाऊ नयेत. समुद्राने एका दासीपुत्राला वाव दिला. त्याच समुद्रावरून राजांच्या अंतःपुरासाठी मुली भडोचला आणल्या जात, हेही 'पेरिप्लस'मध्येच नोंदलेले आहे. व्यापाराने जन्माची बंधने थोडी सैल झाली. दास्य काही त्याने संपविले नाही.

म्हणूनच सोपाऱ्याचे अशोकलेख मोलाचे आहेत. भातेला तलावाजवळ आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा शेजारच्या भुईगावात मिळाला, तो १९५६ साली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वर्षी. अन्यत्र पूर्ण मिळालेल्या पाठांवरून या लेखांचा आशय कळतो. नवव्यात अशोक म्हणतो की लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासात नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे, आणि त्यात पहिली गोष्ट दासांशी व सेवकांशी नीट वागण्याची. दासीपुत्र पूर्णाच्या नगरीत राजाज्ञेचा हा दगड उभा होता.

आठवा लेख तर प्रवासाविषयीच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी विहारयात्रेला निघत. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांच्या, वृद्धांच्या भेटी घ्यायच्या, दान द्यायचे, गावोगावच्या लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे, अशी ती यात्रा.

सोपाऱ्याला जाणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवावा. स्तूपाला प्रदक्षिणा घातली, फुले वाहिली, छायाचित्र काढले आणि गाडी पकडली, एवढ्याने काही होत नाही. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. मुंबईत राबणारे लाखो लोक आज या भागात राहतात. इमारती जुन्या गावाला वेढीत आल्या आहेत. स्तूप पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, पण तलावांच्या काठची, पाड्यांतली, म्हाताऱ्यांच्या तोंडची स्मृती कोणत्याही खात्याच्या संरक्षणाखाली नाही. शिक्षकांनी मुलांना वसईच्या किल्ल्याबरोबर स्तूपावरही न्यावे आणि तेथे नववा लेख मराठीतून वाचून दाखवावा. विद्यार्थ्यांनी भुईगाव, निर्मळ, सोपारा येथील वृद्धांकडून जागांची जुनी नावे लिहून घ्यावीत. कार्यकर्त्यांनी परिसरातल्या बुरुड कुटुंबांत जावे, कोटाविषयी त्यांच्या घरांत काय सांगितले जात होते ते विचारावे, आणि सांगणाऱ्याच्या शब्दांतच टिपून ठेवावे. ते काही सांगतील वा न सांगतील. पण त्यांना कोणी विचारलेच नाही, असे पुढच्या पिढीला म्हणावे लागू नये.