गावानचा मदरसा (बीदर)

कर्नाटकातील बीदर शहरातले बहमनी काळातील निवासी विद्यालय. आता भग्न, संरक्षित स्मारक. हैदराबादच्या वायव्येस सु. १४० किमी.; जुन्या गावात चौबारा हा बुरूज व किल्ला यांच्या दरम्यान.

बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून (कलबुर्गी) बीदरला आल्यावर इराणातून विद्वान व व्यापारी येथे येऊ लागले. त्यांतला गीलानचा व्यापारी ख्वाजा महमूद गावान पुढे तिसऱ्या मुहम्मदशहाचा वजीर झाला. कोकणच्या मोहिमेत त्याने खेळणा (विशाळगड) व गोवा घेतला. त्याच सुमारास, १४७२ मध्ये, मदरसा बांधून झाला.

तीन मजली वास्तू सु. २०५ × १८० फूट. मधल्या चौकाभोवती मशीद, ग्रंथालय, व्याख्यानाची दालने, शिक्षकांची निवासस्थाने व विद्यार्थ्यांचे ३६ हुजरे (खोल्या). ग्रंथालयात ३,००० हस्तलिखिते होती, असे सांगतात. रचना खुरासानी वळणाची. दख्खनेत तिला जोड नाही. ओल वर चढू नये म्हणून बांधकामात शिशाचे पत्रे घातले आहेत. दर्शनी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या झिलईच्या फरशा. मिनारावर त्या नागमोडी पट्ट्यांनी वर चढतात. बऱ्याच निखळल्या आहेत.

गावान पत्रलेखनशास्त्राचा जाणकार. ‘रियाज-उल्-इन्शा’ हा त्याचा पत्रसंग्रह. ‘मनाजिर-उल्-इन्शा’ त त्याने पत्रलेखनाचे नियम सांगितले. त्याचा घात पत्रानेच झाला. त्याचा शिक्का मारून घेतलेल्या कोऱ्या कागदावर विरोधकांनी ओडिशाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिले. त्यावरून सुलतानाने ५ एप्रिल १४८१ रोजी त्याला ठार करविले. मदरसा त्याच्यामागे टिकला. औरंगजेबाने १६५७ मध्ये बीदर घेतल्यावर मात्र तेथे फौज उतरली व खोल्यांत बंदुकीची दारू साठली. १६९६ च्या सुमारास स्फोट होऊन आग्नेय कोपरा, पूर्वेचे प्रवेशद्वार व एक मिनार कोसळला. वास्तू विद्येच्या कामी पुन्हा आली नाही.

निजामाच्या पुरातत्त्व खात्याने डागडुजी केली. खात्याचे संचालक गुलाम याजदानी यांचा बीदरवरील ग्रंथ १९४७ चा. बीदरची स्मारके २०१४ पासून यूनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

  

 

दर्शनी दोन मिनारांपैकी ईशान्येचा तेवढा उभा आहे.