करवतीचे दाते

सरपण फोडण्यासाठी इंजिनाची नवी साखळी-करवत विकत घेणारा प्रथम तिची शक्ती पाहतो. इतिहास मात्र तिच्या दात्यांकडे बोट दाखवितो.

जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत सिद्ध केली. ती पेलावयास दोन माणसे लागत. पुढे यंत्रे हलकी झाली, तरी दाते लवकर बोथट होत आणि कानस लावण्यात फार वेळ जाई. १९४६ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनच्या जंगलात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे आलटूनपालटून कापीत होते. त्याच धर्तीवर त्याने नवे दाते घडविले. १९४७ मध्ये ती साखळी विक्रीस आली. आजच्या साखळ्या तिच्याच वंशातल्या.

परंतु कोरी साखळी पहिल्या काही कापांतच सैल पडते, आणि सैल साखळी पट्टीवरून उतरली तर जिवावर बेतू शकते. म्हणून तिला आधी तेल पाजावे, आरंभी हलकेच काम घ्यावे आणि यंत्र बंद करून, साखळी निवल्यावर ताण पुन्हा तपासावा. जी करवत एका अळीच्या निरीक्षणातून सुधारली, तिच्या धन्याला एवढा धीर असावाच.